सर्व्हर अचानक बंद पडला नाही, तो तीन महिने ओरडत होता

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्या गावातल्या एका सरकारी कार्यालयात जूनमध्ये जे 'अचानक' बंद पडलं, ते अचानक नव्हतं. मशीनने मार्चपासून लेखी कळवलं होतं, तारीख-वेळेसकट. ते कागद माझ्याकडे आहेत.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अपिलात आहे. जे रांगेत उभे होते त्यांना नाव सांगायची गरज नाही. जे नव्हते त्यांना शेजारी सांगतील.

आधी हे कळू द्या की बंद काय पडलं होतं. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या. या वह्या इतक्या जीर्ण झाल्यात की पान उलटलं की तुकडा हातात येतो. म्हणून काही वर्षांपूर्वी त्या स्कॅन केल्या. चांगलं काम होतं, मी तेव्हा बातमीही केली होती. स्कॅन झाल्यावर मूळ वह्यांचे गठ्ठे बांधून वरच्या खोलीत टाकले आणि खाली बोर्ड लागला, 'नक्कल संगणकावरूनच मिळेल'. म्हणजे आता आजोबांच्या जन्माचा पुरावा एका लोखंडी डब्यात आहे.

आणि जून म्हणजे काय ते ज्याच्या घरात बारावी झालेलं पोर आहे त्याला विचारा. जात पडताळणीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद मागतात. विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्याच्याकडे दाखला कुठून येणार? त्याला गावच्या जुन्या वहीतली ती एक ओळच आधार. त्या ओळीवर पोराची सीट उभी असते. ती ओळ घ्यायला माणसं वाडी-वस्तीवरून दिवसाची मजुरी बुडवून येत होती आणि खिडकीतून एकच उत्तर मिळत होतं, "सर्व्हर डाऊन आहे, दोन दिवसांनी या." हे सतरा दिवस चाललं.

'सर्व्हर डाऊन' हे आपल्याकडे पाऊस-पाण्यासारखं झालंय. पाऊस पडला नाही तर कुणाला विचारायचं? तसंच हे. विचारणारा गप्प, सांगणारा मोकळा. मला याच गोष्टीचा राग आहे आणि ही पोस्ट त्या रागातूनच लिहितोय.

मी काय केलं, तर माहितीचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टॅम्प आणि दीडशे शब्दांत एक विषय, आपल्या राज्याचा नियमच तसा आहे. लोकांना माहीत नसतं, पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) मध्ये 'माहिती' म्हणजे काय याची जी यादी आहे तिच्यात लॉगबुक आहे, कंत्राटं आहेत आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्रीही आहे. सर्व्हरचा इव्हेंट लॉग म्हणजे दुसरं काय? मशीनची रोजनिशीच. मी मार्च ते जूनच्या डिस्कसंबंधीच्या नोंदी मागितल्या. एकतीस पानं मिळाली, तीही फारशी खळखळ न करता. मला वाटतं, त्यात काय आहे हे देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं म्हणूनच.

माझा एक वर्गमित्र पुण्यात डेटा सेंटरमध्ये स्टोरेजचं काम करतो. त्याला पानांचे फोटो पाठवले. रात्री साडेदहाला त्याचा फोन. पहिलंच वाक्य, "अरे, हे तुमच्याकडे कुणी बघतच नव्हतं का?"

त्याने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हर हा मेंदू. पण वह्यांचे स्कॅन त्याच्या पोटात नाहीत, ते बाजूच्या स्टोरेजच्या डब्यात आहेत. त्या डब्यात बऱ्याच डिस्क असतात आणि डबा सर्व्हरला केबलने जोडलेला असतो. डब्यातल्या डिस्कचे गट पाडतात. आपल्याकडे दोन गट होते, एकावर स्कॅन, दुसऱ्यावर बाकी कामकाज. गट अशा पद्धतीने बांधलेला होता की त्यातली एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, उरलेल्या डिस्कवरून हिशोब लावून माहिती तयार होते. याला रेड ५ म्हणतात. एक गेली तर चालतं. दुसरीने मान टाकली की संपलं.

आता रोजनिशी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून इव्हेंट १५३ दिसतो. त्याचा अर्थ, सर्व्हरने डिस्ककडे माहिती मागितली, वेळेत आली नाही, पुन्हा मागावी लागली. आधी दिवसाआड एखादा, मग रोज. या काळात खिडकीवर काय दिसतं? काहीच नाही. फक्त 'आज जरा स्लो आहे'. एप्रिलपासून इव्हेंट १२९, म्हणजे समोरून उत्तरच येईना म्हणून सर्व्हरने डिस्कचा संपर्क तोडून नव्याने जोडला. मेमध्ये इव्हेंट ७ सुरू झाला. तो अगदी स्पष्ट मराठीत सांगायचा तर: इथली जागा खराब झाली आहे, वाचता येत नाही. जूनमध्ये इव्हेंट ५५, फाइलींची रचनाच बिघडली. आणि मग खिडकी बंद.

मित्राने एक गोष्ट दाखवली ती मला सगळ्यात जास्त लागली. या एकतीस पानांत प्रत्येक तक्रार एकाच गटाबद्दल आहे, स्कॅनच्या. दुसरा गट त्याच डब्यात, त्याच केबलवर, त्याच सर्व्हरला. त्याच्या नावाने चार महिन्यांत एकही ओळ नाही. तो म्हणाला, "केबल खराब असती तर दोघांनाही त्रास झाला असता. कार्ड खराब असतं तरी दोघांनाही. म्हणजे आजार त्या एका गटाच्या डिस्कमध्येच आहे. हे दहा मिनिटांत कळतं." नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी काय करतो? शेजारी विचारतो, तुमच्याकडे आलं का? त्याच्याकडे आलं असेल तर टाकीला दोष देत नाही. एवढंच शहाणपण इथे हवं होतं.

बरं, त्या डब्यावर दिवे असतात. डिस्क मेली की तिच्यापुढचा दिवा नारिंगी होतो. कार्यालयात नेहमी जाणाऱ्या दोघांनी मला सांगितलं की तो दिवा उन्हाळाभर तसाच होता आणि त्याच्यावर कुणीतरी रजिस्टर टेकवून ठेवलं होतं. विनोद नाही करत.

म्हणजे एक डिस्क आधीच गेलेली. उरलेल्यांपैकी दुसरीवर खराब जागा वाढत चाललेल्या. आणि नवी डिस्क टाकायला कुणी नाही. मित्राच्या भाषेत, "स्टेपनी पंक्चर असताना घाटात गाडी घातली."

मग ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी काय केलं तेही पानांत आहेच, कारण सर्व्हर चालू-बंद केल्याचीही नोंद होते. एका दिवसात तीनदा रीस्टार्ट. मग केबल बदलली, याची पावती आहे. हे सगळं एक वेळ माफ. पण चौथ्या दिवशी चेकडिस्क चालवलं, दुरुस्तीचा पर्याय लावून. जी डिस्क नीट वाचताच येत नाही तिच्यावर! हे काम करणारा कुणीही सांगेल की क्रम उलटा असतो. आधी लिहिणं थांबवायचं. मग जेवढं वाचता येतंय तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. मग स्टोरेजच्या डब्याची स्वतःची रोजनिशी काढायची, ती वेगळी असते, आणि तिची वेळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून बघायची. मग एकेक गोष्ट बदलायची, केबल तर केबल, पोर्ट तर पोर्ट, दोन्ही एकदम नाही, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. आणि फाइलींची दुरुस्ती सगळ्यात शेवटी, तीही आधी नुसती तपासणी करून. आजारी माणसाचं रक्त तपासायच्या आधी कुणी त्याला ऑपरेशन टेबलावर घेत नाही.

दुरुस्ती चालवल्यावर जे व्हायचं तेच झालं. ज्या फाइलींचं नाव आणि जागा यांचा मेळ लागेना, त्या उचलून 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या गेल्या. विंडोज असंच करतं. तिथे फाइलीचं मूळ नाव राहत नाही. 'फाइल००००.सीएचके', 'फाइल०००१.सीएचके' अशी नावं होतात. म्हणजे अमुक गाव, अमुक साल, अमुक पान हा सगळा पत्ता गेला. कुणाचे आजोबा कुठल्या नंबरखाली आहेत हे आता एकेक उघडून बघावं लागेल, तेही ती उघडली तर. किती पानं अशी झाली, हा आकडा कार्यालयाने अजून दिलेला नाही.

"बॅकअप होता ना?" होता! माझ्या अर्जाला लेखी उत्तर आहे की 'बॅकअप नियमित घेतला जातो'. कुठे घेतला जातो? त्याच डब्यात, त्याच गटावर, वेगळ्या फोल्डरमध्ये. घराची दुसरी किल्ली घरातच खुंटीला टांगून बाहेरून कुलूप लावण्यासारखं आहे हे. आणि कृपा करून कुणी म्हणू नका की रेड होतं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड डिस्क मरण्यापासून थोडी उसंत देतं. चुकून पुसलेल्या फाइलीपासून, चुकीच्या दुरुस्तीपासून, आगीपासून, पाण्यापासून ते वाचवत नाही.

यावर गेल्या आठवड्यात मला तीन प्रकारची उत्तरं मिळाली. तिन्हींचा समाचार घेतो.

पहिलं, 'यंत्र आहे, बिघडणारच, मोठ्यामोठ्यांचं बिघडतं.' अगदी खरं. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० ला बंद पडला आणि दुपारी पावणेचारला सुरू झाला. सुरुवात टेलिकॉम लाइनींच्या गडबडीतून झाली, पण घाव बसला तो स्टोरेजवर. मुख्य केंद्रातल्या सर्व्हरना स्टोरेजच सापडेना, आणि जोखीम मोजणारी यंत्रणा हातातून गेली. जगातल्या मोठ्या बाजारांपैकी एक, पैशाला तोटा नाही, तरी झालं. पण पुढे काय झालं? कारण लोकांपुढे मांडावं लागलं. सेबीने चौकशी केली. बाजार आणि त्याची क्लिअरिंग कंपनी यांना मिळून सत्तर कोटींहून जास्त रक्कम भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. चार तासांसाठी! आपल्याकडे सतरा दिवस. आणि भरपाई? खिडकीवर चिकटवलेला एक कागद, 'तांत्रिक अडचणीमुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. सही कुणाची नाही.

अजून एक उदाहरण सरकारी आहे म्हणून देतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २५ ऑगस्ट २०१० ला राज्य सरकारचं एक मोठं स्टोरेज बसलं. सव्वीस खात्यांची कामं अडली, वाहन परवान्याच्या कचेऱ्यांत आठवडाभर परवाने निघेनात. तिथेही रांगा लागल्या, तिथेही लोक चिडले. पण राज्याने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, अहवाल जनतेसमोर आला, आणि कंत्राट घेतलेल्या कंपनीकडून पैसे वसूल केले. यंत्र त्यांचंही बिघडलं. जबाबदारी मात्र कुणाच्या तरी नावावर लागली.

दुसरं उत्तर, 'सगळं क्लाउडवर टाका, कटकट मिटली.' क्लाउड म्हणजे ढग नाही हो, दुसऱ्याच्या इमारतीतला सर्व्हर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायची सामाईक जागा होती, जी-ड्राइव्ह नावाची, ८५८ टेराबाइटची. गेली. दुसरीकडे प्रत नव्हती. तंत्रज्ञानात जग ज्याचं नाव घेतं त्या देशात. तेव्हा कुठे ठेवलं हा प्रश्न दुय्यम आहे. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत आहे का, आणि ती परत उघडून कुणी कधी बघितली का, हे विचारा.

तिसरं उत्तर जास्त चलाख आहे. 'तिथला ऑपरेटर पोरगा निष्काळजी आहे, त्याला काढा.' हे मी होऊ देणार नाही. तो पोरगा कंत्राटी आहे. त्याचं काम खिडकीवर नक्कल काढून देण्याचं. लॉग वाचायचं त्याला कुणी शिकवलं नाही, स्टोरेजचा पासवर्ड त्याच्याकडे नाही, आणि शिव्या मात्र सगळ्या त्यालाच बसल्या. रांगेतल्या लोकांनो, तुम्हीसुद्धा त्याच्यावरच ओरडलात. देखभालीचं वार्षिक कंत्राट ज्याला दिलं, त्याच्या बिलावर दर तिमाहीला 'सर्व यंत्रणा सुस्थितीत' असं लिहून सही करणारा अधिकारी कोण, हे विचारा की. मार्च अखेरचं बिल मंजूर झालंय. मार्च अखेरीस रोजनिशीत इव्हेंट १५३ रोज पडत होता. सुस्थितीत?

आता गंमत ऐका. कंत्राटाची प्रत मागितली तर उत्तर आलं, 'व्यापारी गोपनीयता, देता येत नाही'. कायद्याच्या ज्या यादीत लॉगबुक आहे त्याच यादीत कंत्राटंही आहेत. जनतेच्या पैशाने, जनतेच्या नोंदी सांभाळायचं कंत्राट, आणि ते जनतेपासून गुपित! महिन्यातून एकदा लॉग तपासायचा, अशी अट त्यात आहे की नाही, एवढंच मला बघायचंय. असेल तर ठेकेदाराने पाळली नाही. नसेल तर ज्याने कंत्राट लिहिलं त्याने विचार केला नाही. दोन्हींपैकी एकाचं नाव निघेल, म्हणून तर प्रत देत नाहीत. म्हणून मी पहिलं अपील केलंय.

आणि या सगळ्यावर कार्यालयाचा उपाय काय, माहितीये? नवीन सर्व्हर. प्रस्ताव तयार आहे. अहो, सर्व्हरला काही झालेलंच नाही! तोच तर बिचारा तीन महिने रोज लिहीत होता. निरोप्याला बदलून निरोप बदलत नाही. नवा सर्व्हर आणला आणि त्याला जोडलेल्या डब्याचा नारिंगी दिवा बघायला माणूस नसेल, तर दोन-चार वर्षांनी हीच पोस्ट तारखा बदलून पुन्हा टाकेन.

मी अपिलात काय मागितलंय ते उघड सांगतो, लपवण्यासारखं नाही. खराब डिस्कवर आता कुणीही आणखी प्रयोग करू नयेत, डिस्क सीलबंद करून डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञांकडे द्याव्यात. 'फाउंड.०००' मध्ये किती फाइली आहेत त्याचा आकडा लेखी द्यावा. वरच्या खोलीतले मूळ गठ्ठे पावसाच्या आत खाली आणावेत, कारण त्या खोलीचा पत्रा गळतो आणि आता कदाचित तीच एकमेव प्रत आहे. तोवर ज्याला नक्कल हवी त्याला मूळ वहीवरून हाताने लिहून सही-शिक्क्याने द्यावी, पूर्वी वर्षानुवर्षं तशीच देत होते. आणि बॅकअपमधून शंभर पानं दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष उघडून दाखवावीत, तारीख आणि सहीसह. यातल्या एकाही गोष्टीला कोटीचा खर्च नाही.

तुमच्यासाठी एक काम. खिडकीवरून तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. अर्ज आवक करा, शिक्का मारून पोच घ्या. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवा त्यात अधिसूचित असेल आणि ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मुदत पोचेच्या तारखेपासून मोजतात. 'सर्व्हर डाऊन' ऐकून जो घरी गेला, त्याचा अर्ज कागदोपत्री कधी आलाच नाही. सतरा दिवसांत किती माणसं परत गेली याची त्या कार्यालयात एकही नोंद नाही. मशीनने आपल्या चुका लिहून ठेवल्या, माणसांनी नाही.

अपिलाची सुनावणी पुढच्या बुधवारी सकाळी अकराला आहे. ज्यांची नोंद पूर्वी निघत होती आणि आता 'सापडत नाही' असं सांगितलं जातंय, त्यांनी गाव, साल आणि अर्जाच्या पोचेचा फोटो मला इनबॉक्सला पाठवा. कमेंटमध्ये टाकू नका, तिथे घरच्यांची नावं उघडी पडतात. ज्यांच्याकडे त्या सालाची जुनी नक्कल आधीच काढलेली आहे त्यांनी तीही पाठवा, त्यावर पान क्रमांक असतो आणि तो जुळवायला लागेल. मंगळवारी संध्याकाळपर्यंत यादी करतोय.